स्वस्त बॅटरीची खंडेनवमी

आमच्या लेआउटमध्ये कुणी घर बांधायला काढलं, की सिमेंटच्या गोण्या उतरायच्या आत तो माणूस माझ्या दारात येतो. प्रश्न एकच. “अक्का, ती स्वस्तातली लिथियम बॅटरी घेण्यासारखी आहे का?” जणू मी देवळातली गुरवीण आहे आणि कौल लावून देते.

परवा निपाणीचे अण्णा आले. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या बांधतायत. बायको गेली, मुलगी पुण्यात असते, पेन्शन आहे, गुडघे नाहीत. एकटेच राहणार म्हणाले. “तुमची बॅटरी ब्येस चाललीया म्हणत्यात. मी बी तसलीच घ्यावी म्हणतोय. काय म्हणताय तुम्ही?”

मी चहा टाकला. घ्या किंवा घेऊ नका, एवढं सांगायला चहा लागत नाही. पण माझं उत्तर लांबलचक आहे आणि त्यातलं अर्धं बॅटरीबद्दल नाहीच. अण्णांना मी बॅटरीचं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहून टाकते, म्हणजे पुढचा कुणी आला की वाचायला देता येईल. देणार नाही म्हणा. पण लिहिते.

आमचं लेआउट कनकपुरा रस्त्यावरून बरंच आत आहे. बेंगळुरू म्हणायचं, कारण पत्त्यात तसं लिहितात. जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्या भागीदारांचा आपसात खटला चालू, त्यात कागद अडकलेले, आणि कागद नाहीत म्हणून वीज नाही. रस्ता आहे, रस्त्याला दिव्याचे खांब आहेत, खांबांवर कावळे बसतात. आमच्या ह्यांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इथे हे छोटं घर बांधलं, छपरावर सोलरची पॅनेलं चढवली, खाली पाणी घालायच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या ठेवल्या आणि मला म्हणाले, “वर्षभरात येते बघ वीज.” वीज आली नाही. हे मात्र गेले.

मी मूळची इथल्याच, जुन्या शहरातल्या चामराजपेटची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. आमच्या घराण्यातल्या मराठी माणसांना पुण्याचे लोक ‘तुम्ही मराठी कुठे शिकलात’ असं कौतुकाने विचारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. अय्यो, आम्ही इथे शिवाजी महाराजांच्या वडिलांबरोबर आलो! तर ते असो. वडिलांचं शिंपीकामाचं दुकान होतं. मी शिकले आणि एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये जन्म काढला. मुलांना मीटर द्यायचे, मोडलेले परत घ्यायचे, आणि ‘मॅडम, रीडिंग बरोबर येतंय ना’ म्हणणाऱ्याला ‘काटा बघ, माझं तोंड बघू नकोस’ म्हणायचं. आकडा दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही खोड तिथली.

हे गेल्यावर आमचे चिरंजीव म्हणू लागले, “आई, आता बेळ्ळंदूरला चल.” तिथे, शहराच्या पार दुसऱ्या कडेला, त्यांचा फ्लॅट आहे, इतका वर की कावळाही दम खाऊन पोचत असेल. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही आयटीत. मला कुणी काही वाईट बोलत नाही तिथे. सूनबाई तर इतकी चांगली, की भांडायलाही काही ठेवत नाही. पण त्या घरात चमचा कुठे आहे ते मला विचारावं लागतं. माझ्यासाठी म्हणून एक खोली होती, तिच्यात धावायचं यंत्र होतं, ते मी येणार म्हटलं की भिंतीला लावून उभं करत आणि मी गेले की पुन्हा आडवं करत. मला तिथे पाहुणी होऊन मरायचं नव्हतं. इथे ह्यांनी लावलेले अवऱ्याचे, म्हणजे वालाचे, वेल आहेत, ह्यांनी ठोकलेला वाकडा खिळा आहे. त्या खिळ्यावर माझी पिशवी असते. मला माझ्या घरात राहायचं होतं, बस्स.

अडचण एकच, पण खरी. मला साखर आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. इन्सुलिनला फ्रिज लागतो, फ्रिजला वीज लागते, आणि ह्यांच्या त्या जुन्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावला की फ्रिज कुंथायचा. चिरंजीव म्हणाले, “बघ आई, असं नाही चालणार.” मी म्हटलं, “नवी बॅटरी घेते.” शेवटी शर्त ठरली. दिवाळीपर्यंत फ्रिज एकदाही बंद पडला नाही, तर मी इथेच राहायचं आणि त्यांनी पुन्हा विषय काढायचा नाही. एकदा जरी बंद पडला, तर पेटी भरायची आणि बेळ्ळंदूर. मी “सरी” म्हटलं, म्हणजे ठीक आहे. घमेंड होती ना अंगात.

नावाजलेल्या कंपनीची बॅटरी पेन्शनीच्या ऐपतीबाहेर होती आणि चिरंजीवांचे पैसे मला नको होते. शर्तीत दुसऱ्याने मदत केली तर ती शर्त कसली? म्हणून मी मार्केटजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या गल्लीत गेले. तिथे एका दुकानात ती होती, चकचकीत निळी पेटी, वर पानाएवढं लेबल. मी विचारलं, आतले सेल नवे आहेत की कुठल्या गाडीतून काढलेले? दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, “अम्मा, कण्णु मुच्चिकोंडु तगोळ्ळि.” म्हणजे डोळे मिटून घ्या. डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्याकडून वस्तू नेहमी डोळे फाडून घ्यावी, हे मला कळत होतं. तरी घेतली. दुसरी परवडत नव्हती, हेच खरं कारण.

बॅटरी जोडायला आलेल्या माणसाबरोबर चिरंजीवही आले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने इन्व्हर्टरला एक छोटा वायफायचा डबा लावला. त्या डब्यामुळे बेळ्ळंदूरला बसून त्यांना फोनवर दिसायचं, की आईच्या बॅटरीत किती उरलंय आणि घरात आत्ता किती वीज लागतेय. “तुझ्यावर लक्ष राहील,” म्हणाले. मी म्हटलं, “माझ्यावर की फ्रिजवर?” तर हसले.

आता कसोटी. ज्याला स्वस्त बॅटरी घ्यायची आहे त्याने हे तेवढं लक्ष देऊन वाचावं. लेबलावर काय छापलंय ते विसरायचं. बॅटरी पूर्ण भरायची, मग तिच्यावर ओळखीचं ओझं टाकायचं आणि ती मान टाकेपर्यंत बघत बसायचं. लॅबमध्ये आम्ही लाकडी फळीवर तारेचे जुने दिवे ओळीने बसवायचो, त्याला लॅम्प बोर्ड म्हणायचे. तसा एक मी घरी केला. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलं, फ्रिज बंद केला. कसोटीचा दिवस शर्तीतून वगळलेला होता. सकाळीच सगळे दिवे लावले आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

भर दिवसा रिकाम्या घरात दिवे लावून त्यांच्याकडे बघत बसणं काय असतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही. कुकर लावला, जेवले, पुन्हा येऊन बसले. ह्यांना असल्या गोष्टीचं फार. हे असते तर दर तासाला येऊन ‘अजून आहे का गं’ म्हणाले असते, मी ‘हात लावू नका’ म्हणून ओरडले असते. त्या दिवशी ओरडायला कुणी नव्हतं. मी दिव्यांवरच एकदा ओरडले. मग माझंच मला हसू आलं, आणि मग रडू आलं. दिवे आपले जळत होते.

लेबलाने सांगितलं होतं त्याच्या पुष्कळ अगोदर बॅटरीने मान टाकली. पाऊण. पैसे पूर्ण बॅटरीचे, माल पाऊण. बॅटरीच्या आतलं दाखवणारं एक ॲप फोनवर मिळतं, ते उघडून बघितलं तर आतले आठ सेल वेगवेगळे दिसले. सात मुकाट्याने काम करत होते, आठव्याने आधीच बसकण मारली होती. आणि ह्या पेट्यांचा नियम असा, की एक बसला की सगळी पेटी बंद. गावच्या जत्रेला निघालेल्या कुटुंबासारखं आहे ते. ज्याचे पाय पहिल्यांदा दुखतात, त्याच्या चालीने सगळ्यांनी जायचं.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “अम्मा, स्वल्प दिन यूज करा, सेट होईल.” मी म्हटलं, “बॅटरी आहे की नवी सून आहे, सेट व्हायला?” त्याने फोन ठेवला. पण थोबाड फुटलं ते माझंच. लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईला पाऊण बॅटरी गळ्यात मारली, हे कुणाला सांगणार?

चिरंजीवांना सांगायची गरजच नव्हती, त्यांनी आलेख पाहिला होता. संध्याकाळी फोन. “आई, पाऊणच निघाली ना? मग रूम रिकामी करू का?” आवाजात काळजी होती आणि किंचित आनंदही होता. मी म्हटलं, “दिवाळीपर्यंत ठरलंय. तुझं यंत्र आडवंच असू दे.”

मग ते ढगाळ दिवस सुरू झाले. बेंगळुरूचे ढग तुम्हाला माहीत आहेत. पडतही नाहीत, जातही नाहीत. पॅनेलं पाळणाघरातल्या मुलांसारखी वर तोंड करून बसलेली आणि वरून काही मिळत नाही. मी पंप फक्त उन्हाच्या कवडशात चालवायची. मिक्सर बंद केला, पाट्यावर वाटायला लागले. संध्याकाळी एकच दिवा, तोही स्वयंपाक होईपर्यंत. सगळी बॅटरी त्या फ्रिजसाठी राखायची. रोज संध्याकाळी फोन यायचा. “आई, तीस टक्के दिसतंय. फ्रिज चालू आहे ना? तू जेवलीस ना? अंधारात का बसतेस?” रविवारी दोघंही यायचे, येताना बर्फाच्या पिशव्या आणायचे, जाताना सूनबाई माझ्या पाया पडायची आणि हळूच म्हणायची, “चला ना आई, आता पुरे.” मला राग यायचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे? एकदा तर मी फोनवर म्हटलं, “रोज रोज काय विचारतोस, मेले तर कळवीन.” तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन आलाच.

अशात नवरात्र आलं, आणि खंडेनवमी.

आमच्या घरात खंडेनवमी म्हणजे अवजारांची सुट्टी. बाहेर शहरभर आयुधपूजा असते. रिक्षांना केळीचे खुंट, लॉरीच्या चाकाखाली लिंबं, चौकाचौकात फोडलेले कोहळे आणि त्यावरून घसरणारे स्कूटरवाले. त्यांची पूजा झाली की गाड्या फिरायला निघतात. आमच्याकडे उलटं. वडिलांच्या दुकानात त्या दिवशी सगळी शिलाई मशिनं पुसून, तेल घालून, पट्टे काढून ठेवायचे. कात्री, टेप, इस्त्री पाटावर मांडून हळदकुंकू व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत कुणी सुईलाही हात लावायचा नाही. एकदा एक बाई दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा ब्लाउज घेऊन रडत आली, तरी वडील हलले नाहीत. आई म्हणायची, “वर्षभर राबवता, एक दिवस अंग टाकू दे त्यांना.”

मी आजवर हे कधी चुकवलं नाही. लॅबमध्येसुद्धा मीटरना कुंकू लावून कपाट बंद करायची. त्या वर्षीही सकाळी उठून फ्रिज रिकामा करून पुसला, इन्सुलिन मडक्यात ठेवलं. एक दिवस निभतं, कसोटीच्या वेळी पाहिलं होतं. मिक्सर, ग्राइंडर, पंप, पंखा, ह्यांचा पक्कड-स्क्रूड्रायव्हरचा डबा, माझा मल्टिमीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. निळ्या बॅटरीलाही लावलं. रागावले होते तिच्यावर, तरी लावलं. इन्व्हर्टरवरून घराकडे जाणारा खटका खाली पाडला. वायफायच्या डब्याला एक बोट कुंकू लावून त्याचीही वायर काढली. शेवटी फोन. तोही राबतोच की. बंद करून पाटावर ठेवला. छपरावरची पॅनेलं तेवढी चालू राहिली, कारण सूर्याला कोण सुट्टी देणार? आणि नेमकं त्याच दिवशी ढग गेले, ऊन असं पडलं की अंगण तापलं. शर्तीचं माझ्या मनात आलंच नाही. ती फ्रिज बंद पडण्याची होती, मी तर त्याला झोपवला होता.

दुपारी अंगणात अवऱ्याचे वेल सोडवत होते, तर फाटकाशी गाडी करकचून थांबली. पुढे झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचा ओघळ, आरशाला केळीचं पान. त्यांच्या सोसायटीतली आयुधपूजा अर्धी टाकून चिरंजीव आले होते, बेळ्ळंदूरपासून, सणाच्या सगळ्या गर्दीतून. दार उघडंच टाकून धावत आले.

“आई! फोन बंद, फ्रिज बंद, वायफाय बंद, सकाळपासून सगळं झीरो! काय समजायचं मी?”

“खंडेनवमी समजायचं,” मी म्हटलं.

तो पायरीवर बसला. मघापासून ‘चिरंजीव आले, म्हणाले’ चाललंय माझं, पण त्या पायरीवर बसलेला तो माझा मुलगा होता. शेजाऱ्यांना तरी फोन करायचा की, म्हटलं, तर म्हणाला, “कुणाचा नंबर आहे माझ्याकडे? वाटेभर मला वाटत होतं, तू खाली पडली आहेस आणि मी सिग्नलला उभा आहे.” मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण मागाहून. आधी मला आनंद झाला. इतका आनंद मला हे गेल्यापासून झाला नव्हता. माझ्यासाठी कुणीतरी घाबरलं होतं.

मी त्याचा फोन मागितला. “तोही राबतो. ठेव पाटावर.” त्याने कुरकुर केली, मग ठेवला. मी त्याला कुंकवाचं बोट लावलं, फोनला आणि मुलाला, दोघांनाही. पुरणपोळ्या होत्या. एकटीसाठी कुणी पुरण घालतं का? पण घातलं होतं. तो मांडी घालून जेवला, तूप मागून घेतलं, आणि जेवल्यावर ह्यांच्या चटईवर आडवा झाला. पंखा नव्हता, तरी झोपला. उठल्यावर आम्ही अवऱ्याच्या शेंगा सोलत बसलो. बाबा बॅटरीत पाणी घालताना त्याला टॉर्च धरायला लावायचे आणि उजेड हलला की कसे खेकसायचे, ते त्याने हुबेहूब करून दाखवलं. मी हसून हसून खोकले. संध्याकाळी गाडीत बसताना म्हणाला, “आई, असं पुन्हा करू नकोस हं.” पण मान खाली घालून म्हणाला, रागाने नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. पूजा उतरवली, खटका वर केला, सवयीने ॲप उघडलं, आणि बघतच राहिले. आठही सेल जवळजवळ एका पातळीत.

मग डोक्यात उजेड पडला. असल्या स्वस्त पेट्यांत सेल कारखान्यातून कमीजास्त भरलेले येतात. महागवाले ते आधी जुळवून घेतात, स्वस्तवाले तसेच कोंबतात. आत त्यांना सारखं करायची सोय असते, पण ती चालते फक्त बॅटरी पूर्ण भरलेली असताना, आणि अगदी मुंगीच्या पावलाने. माझी बॅटरी त्या ढगांत कधी पूर्ण भरतच नव्हती. जरा भरली की मी पंप लावायची. खंडेनवमीला दिवसभर ऊन मिळालं आणि तिच्याकडे कुणी काही मागितलं नाही. तेवढ्यात ती सावरली. आईचं वाक्य बॅटरीने खरं केलं. मी मग दर आठवड्याला एक स्वच्छ उन्हाचा दिवस तिला विसावा द्यायला लागले. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा लॅम्प बोर्ड काढला, पुन्हा खुर्ची घेऊन बसले. ह्या वेळी दिवे छापलेल्या आकड्याच्या जवळपास टिकले. दुकानदार जिंकला मेला, सेट झाली म्हणे.

आणि मीही जिंकले. दिवाळीला मुलगा म्हणाला, “मानलं आई तुला. आता मी टेन्शन घेत नाही.”

तो शब्दाला जागला. टेन्शन घेत नाही.

आधी रोजचा फोन एका आड एक दिवस झाला. मग रविवारचा. मग रविवारी कामं निघायला लागली. भांडण नाही, रुसवा नाही, काही नाही. एकदा मीच फोन केला आणि म्हटलं, अरे, आहेस कुठे? तर कौतुकाने म्हणाला, “आई, मी रोज बघतो तुला! सकाळी पंपाची रेघ वर गेली की कळतं, तू उठलीस. दुपारी मिक्सर, संध्याकाळी दिवे. उगाच फोन करून डिस्टर्ब कशाला करायचं?” ऑफिसातल्या मित्रांनाही दाखवतो म्हणे, आईचा आलेख. मी उठले हे त्याला दिसतं. उठून दिवसभर कुणाशी बोलले नाही, ते दिसत नाही, कारण न बोलायला वीज लागत नाही. पाऊण बॅटरी होती तेव्हा रोज विचारपूस होती. पूर्ण झाली आणि मी एक रेघ झाले.

ह्या वर्षी पावसाळ्यात मी एक मूर्खपणा केला. ढगाळ दिवस बघून वडिलांची जुनी जड विजेची इस्त्री काढली आणि धुतलेल्या न धुतलेल्या सगळ्या साड्यांवर फिरवत बसले, बॅटरी तळाला जाईपर्यंत. फोन जवळ ठेवला होता. मेसेज आला. “आई, इस्त्री ऊन असताना करत जा.” पुढे अंगठा.

मग पुन्हा खंडेनवमी आली. मी तीच मांडणी केली. फ्रिज, मिक्सर, पंप, निळी बॅटरी, वायफायचा डबा. फोन बंद करून पाटावर ठेवला. पुरण जास्तीचं घातलं, तूप वितळवून ठेवलं, चटई झटकून घातली. रीत होती म्हणून सगळं केलं, असं मी कुणालाही सांगू शकते. दुपारी अंगणात बसले आणि रस्त्याकडे कान लावला. गाड्या येत होत्या, माळा घातलेल्या, पुढे जात होत्या. ऊन उतरलं. मी एकटीच जेवले. उरलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरवून फोन चालू केला. आदल्या दिवशी सकाळचाच मेसेज येऊन पडला होता. “हॅपी खंडेनवमी आई! सगळं ऑफ दिसतंय. एन्जॉय!”

वेडा आहे का तो? नाही. हुशार आहे. एकदा शिकवलं की विसरत नाही. पहिल्या वर्षी त्याने विचारलं होतं, काय समजायचं मी, आणि मीच सांगितलं होतं, खंडेनवमी समजायचं.

तर अण्णा चहा पिऊन वाट बघत होते. मी त्यांना सांगितलं, “घ्या. वाईट नाही. पण आणल्या आणल्या कसोटी घ्या, लॅम्प बोर्ड मी देते. पाऊण निघाली तर घाबरू नका. चांगल्या उन्हाचे एकदोन दिवस पूर्ण भरू द्या, काही मागू नका तिच्याकडे. तरीही एक सेल बसलेलाच राहिला, तर परत नेऊन दुकानदाराच्या टेबलावर आपटा. आणि एक करा अण्णा, त्याबरोबर तो वायफायचा डबा मिळतो ना, तो बसवू नका.”

“का ओ? महाग असतंय व्हय?”

“नाही. पोरीला फोन करून विचारू दे तुम्हाला, बाबा जेवलात का म्हणून.”

अण्णांनी कप खाली ठेवला आणि उगीच बशी पुसली. “त्यो डबा कालच आला की अक्का पार्सलनं. बॅटरीच्या आधी. पोरीनंच धाडलाय. लई जीव हाय तिचा माझ्यावर.”

मी म्हटलं, “सरी. आणा इकडे, बसवून देते.”